दोन नानासाहेब आणि एक शीर्षक: कोशातल्या एका नोंदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमचा मराठी कोश लहान आहे. महाजालावर मोफत वाचता येतो आणि सगळं काम स्वयंसेवकांचं. या प्रकरणाच्या वेळी इतिहास विभाग पाच जण पाहत होतो: एक निवृत्त इतिहासशिक्षक, ज्यांना आम्ही सगळे 'सर' म्हणतो, एक ग्रंथपाल मॅडम, एक पत्रकार, संगणकाची बाजू सांभाळणारा एक तरुण, आणि मी. कोशाचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम देत नाही. प्रकरण शीर्षकाचं आहे, आमचं नव्हे.

छापील कोशात ही अडचण फारशी येत नाही. विश्वकोशासारख्या ग्रंथात आडनाव आधी येतं, 'आगरकर, गोपाळ गणेश' असं, आणि दोन माणसांची नावं सारखी निघालीच तर नोंदी शेजारीशेजारी बसतात. नावाखाली जन्ममृत्यूची सालं असतात, वाचकाची नजर एकावरून दुसरीवर जाते, काम भागतं. संगणकावरच्या कोशात मात्र शीर्षक हाच नोंदीचा पत्ता. एका पत्त्यावर दोन घरं बांधता येत नाहीत. कोणाला तरी हलावंच लागतं. आणि हलवायचं कोणाला, इथून भांडण सुरू होतं.

मराठीत हे भांडण वारंवार होणार, कारण आपल्याकडे नावं जपून वापरायची पद्धत आहे. आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं. पण सून सासऱ्यांचं नाव घेणार नाही, म्हणून घरात हाक मारायला नाना, भाऊ, अप्पा, बापू, दादा. बाळाजी विश्वनाथ एप्रिल १७२० मध्ये वारले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बाजीरावांना मुलगा झाला, त्याचं नाव बाळाजी. कागदोपत्री आजा आणि नातू दोघेही बाळाजी, आणि नातवाचं हाकेचं नाव नाना. हाकेची नावं तर मोजकीच. त्यामुळे खरी नावं वेगळी असलेली माणसंही हाकेच्या नावावर एकमेकांना येऊन भिडतात.

अडचण कशी उघडकीला आली

एका विद्यार्थ्याचं पत्र आलं. आमच्या 'तात्या टोपे' या नोंदीत 'नानासाहेब पेशव्यांचे विश्वासू सहकारी' असे शब्द होते आणि 'नानासाहेब पेशवे' यावर दुवा होता. त्याने दुवा उघडला. पत्रात लिहिलं होतं: "तात्यांना १८५९ मध्ये फाशी झाली. तुमच्या नोंदीप्रमाणे नानासाहेब १७६१ मध्ये वारले. मग तात्या किती वर्षांचे होते?"

दुवा पानिपताच्या वेळच्या पेशव्यांकडे जात होता. म्हणजे बाळाजी बाजीराव, जन्म १७२०, पेशवेपद १७४० ते १७६१. पुण्याची पर्वती ज्यांनी बांधली ते. पानिपताची बातमी आल्यावर खचले आणि त्याच वर्षी जूनमध्ये वारले. तात्यांचे नानासाहेब दुसरे. जन्म १८२४, कर्जतजवळच्या वेणगावचा. बाजीराव दुसऱ्यांनी त्यांना १८२७ मध्ये दत्तक घेतलं, कानपूरजवळच्या बिठूरला वाढले, १८५७ मध्ये कानपुरात उठावाचं नेतृत्व केलं आणि नंतर नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले. त्यांचं नाव धोंडोपंत.

आमच्याकडे हे झालं कसं, ते अगदी साधं आहे. पहिल्या लेखकाने बाळाजी बाजीरावांवर लिहिलं आणि मोकळं असलेलं शीर्षक घेतलं: 'नानासाहेब पेशवे'. काही महिन्यांनी दुसऱ्या लेखकाने बिठूरच्या नानासाहेबांवर लिहिलं, शीर्षक भरलेलं दिसलं, म्हणून घाईत 'नानासाहेब पेशवे २' असं ठेवून दिलं. नंतर नीट करू, असं म्हणून. ते 'नंतर' दोन वर्षं आलं नाही. शोधाच्या यादीत ती नोंद एखाद्या सिनेमाच्या दुसऱ्या भागासारखी दिसायची. त्याहून वाईट म्हणजे पेशव्यांच्या यादीत 'बाजीराव दुसरा' आहेच, त्यामुळे हा '२' पेशवाईतला क्रमांक वाटायचा. बिठूरचे नानासाहेब तर पेशव्यांच्या कुठल्याच यादीत नव्हते.

समोर असलेले पर्याय

सरांचं मत पहिल्या बैठकीत ठाम होतं. "नानासाहेब पेशवे म्हणजे बाळाजी बाजीराव. मूळ शीर्षक त्यांच्याकडेच राहू द्या, वर एक ओळ टाका, की १८५७ च्या नानासाहेबांसाठी अमुक नोंद पाहा." हा पर्याय वाईट नाही. एक माणूस दुसऱ्यापेक्षा खूपच जास्त शोधला जात असेल, तर कोरं शीर्षक त्याला देणं वाचकाच्या सोयीचं असतं. 'एकनाथ' म्हटल्यावर कोण हवं असेल, याचं उत्तर मात्र दर निवडणुकीला बदलेल. तो भाग वेगळा.

पत्रकाराने सरांना थांबवलं. त्याची अर्धी पत्रकारिता उत्तर हिंदुस्थानात झालेली. "सर, हे पुण्यातलं उत्तर झालं. कानपुरात विचारा. तिथे नाना राव पार्क आहे, आणि तो पर्वती बांधणाऱ्यांच्या नावाने नाही." मराठी वाचणारे इंदूर, ग्वाल्हेर, झाशीकडेही आहेत, हे आम्ही पुण्या-मुंबईचे लोक सोयीस्करपणे विसरतो. मग आम्ही आमच्याच कोशातले या नावाचे दुवे उघडून पाहिले. पानिपत, पर्वती, सदाशिवरावभाऊ एकीकडे. झाशीची राणी, तात्या टोपे, कानपूर, बिठूरच्या नानासाहेबांचे वकील अजीमुल्ला खान दुसरीकडे. कोणतंही पारडं स्पष्ट जड नव्हतं. पहिला निर्णय इथे झाला: कोरं शीर्षक दोघांपैकी कोणालाच नाही.

पुढचा पर्याय आकड्यांचा. पहिले, दुसरे. तरुणाला तो आवडला होता, कारण यंत्राला सोपा. पण आकडा लावायला गादी लागते. बाजीरावांना तो चालतो, कारण दोघेही पेशवे झाले आणि लोक तसं खरोखर म्हणतात. आर्यभट आणि भास्कराचार्य यांना पहिला-दुसरा हे क्रमांक नंतरच्या अभ्यासकांनी लावले, तेही रुळले. (तरी तिथेही गंमत आहेच. १९७९ चा 'भास्कर-१' आणि १९८१ चा 'भास्कर-२' हे उपग्रह आहेत. त्यांच्यातला दुसरा म्हणजे 'लीलावती' लिहिणारे दुसरे भास्कराचार्य नव्हेत, हे आम्हाला एका नोंदीत स्वतंत्र सांगावं लागलं आहे.) पण 'नानासाहेब दुसरे' असं कुणी म्हणत नाही. जे नाव कोणाच्या तोंडात नाही, ते कोशाने जन्माला घालू नये. शिवाय भाषेने स्वतःच काही ठिकाणी वाट काढलेली असते, आकड्यापेक्षा चांगली: थोरले माधवराव आणि सवाई माधवराव. थोरले बाजीराव. त्यात मानही राहतो आणि ओळखही पटते. नानासाहेबांच्या बाबतीत भाषेने तशी मदत केली नव्हती.

सालं कंसात घालायची, हा मॅडमचा पर्याय. ग्रंथालयातल्या तालिकेत तेच करतात. 'नानासाहेब पेशवे (१७२०–१७६१)' ठीक दिसतं. पण दुसऱ्या नानासाहेबांचं मृत्युसाल निश्चित नाही. '(१८२४–?)' असं शीर्षक वाचकाने कधी टंकावं?

'श्रीमंत' लावावं, अशीही एक सूचना बाहेरून आली. पेशव्यांना श्रीमंत म्हणत, हे खरं. पण सगळ्या पेशव्यांना श्रीमंत लावलं, की अनुक्रमणिकेत सगळे 'श' खाली जाऊन बसतात आणि नावांचा गोंधळ जिथल्या तिथेच राहतो. मान मजकुरात द्यावा.

आडनाव? दोघेही भट. धोंडोपंत तर जन्माने भट आणि दत्तक जाऊनही भट.

मग उरला औपचारिक नावाचा पर्याय, आणि खरी चर्चा तिथे झाली. 'बाळाजी बाजीराव' आणि 'धोंडोपंत'. पहिल्याबद्दल वाद नव्हता. त्यांच्या मुद्रेवरच 'बाळाजी बाजीराव प्रधान' असं आहे, पाठ्यपुस्तकांतही हे नाव येतं. दुसऱ्याबद्दल सर म्हणाले, "धोंडोपंत म्हणून शोधणारा एकही मुलगा मी पस्तीस वर्षांत पाहिला नाही." शिवाय पुढे काय लावायचं? मराठी पद्धतीप्रमाणे नावापुढे वडिलांचं नाव. पण कोणते वडील? जन्मदाते माधव नारायण, की दत्तक घेणारे बाजीराव? हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो, पण त्या माणसाचं सगळं आयुष्य याच प्रश्नावर फिरलं. बाजीराव दुसऱ्यांना ईस्ट इंडिया कंपनीकडून वर्षाला आठ लाख रुपये मिळत होते. १८५१ मध्ये ते वारल्यावर कंपनीने ते पुढे चालू ठेवायला नकार दिला. अजीमुल्ला खानांना त्यासाठी लंडनला पाठवलं गेलं, ते रिकाम्या हाताने परतले. शीर्षकात आपण वडिलांचं नाव ठरवतो, तेव्हा नकळत त्या दाव्यावर निकाल देत असतो.

'पेशवे' या शब्दाचंही तेच. पेशवाई १८१८ मध्ये संपली. तेव्हा बिठूरच्या नानासाहेबांना 'पेशवे' म्हणायचं का? तरुणाचं म्हणणं होतं, वगळावं, कारण ते पेशवे नव्हतेच. पत्रकाराचं म्हणणं, त्यांनी १८५७ मध्ये स्वतःला पेशवे म्हणवलं आणि लोकांनी मानलं. तासभर यात गेला. शेवटी मॅडम म्हणाल्या, "पद कुणी दिलं, हे आपण का ठरवायचं? लोक कोणत्या नावाने ओळखतात, एवढंच पाहा ना." यापुढे चर्चा सरळ झाली. शीर्षक हे प्रमाणपत्र नाही. 'नानासाहेब पेशवे' हे त्यांचं रूढ नाव आहे, पदाचा दाखला नाही. पदाचा वाद नोंदीच्या मजकुरात सविस्तर यावा.

निर्णय

बाळाजी बाजीरावांची नोंद: 'बाळाजी बाजीराव'.

दुसरी नोंद: 'नानासाहेब पेशवे (बिठूर)'.

'नानासाहेब पेशवे' हे कोरं शीर्षक निःसंदिग्धीकरणाचं पान, म्हणजे एकाच नावाच्या नोंदींकडे वाट दाखवणारं पान. त्यावर दोनच ओळी, प्रत्येकीत सालं, ठिकाण आणि नातं: दुसरे नानासाहेब म्हणजे पहिल्यांचे पुतणे बाजीराव दुसरे यांचे दत्तक पुत्र.

कंसातल्या शब्दावर सर्वांत जास्त वेळ गेला. '(१८५७)' सुचलं होतं. सरांनी ते नाकारलं: "त्या सालाआधी तो माणूस ३३ वर्षं जगला आहे." '(१८५७ चा उठाव)' घेतलं असतं, तर उठाव, बंड की स्वातंत्र्यसमर, हा दुसरा वाद शीर्षकातच उभा राहिला असता. '(दत्तक)' तर कुणी मोठ्याने म्हणालंही नाही. 'बिठूर' हा शब्द रुक्ष आहे, कुणाची बाजू घेत नाही, आणि ज्याला हा माणूस शोधायचा आहे त्याच्या कानावरून तो बहुधा गेलेला असतो. मला तो तेव्हाही पटला होता, आजही पटतो.

तरुणाचा एक आक्षेप राहिला, आणि तो बरोबर होता. "एकाला औपचारिक नाव, दुसऱ्याला हाकेचं नाव आणि कंस. एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा?" होय, असमान आहे. दोन शीर्षकं शेजारी ठेवली तर खटकतात. पण वाचक ती शेजारी ठेवून पाहत नाही. तो एकच शोधत येतो.

अंमलबजावणी, आणि आमची चूक

शीर्षक बदलणं सोपं होतं. जुन्या शीर्षकांवरून पुनर्निर्देशनं केली, म्हणजे ते नाव टंकलं की वाचक आपोआप योग्य पानावर पोचावा: 'नाना साहेब पेशवे' असं तोडून लिहिलेलं, 'नानासाहेब पेशवा', 'नाना साहब', 'धोंडोपंत', 'तिसरे पेशवे'. लोक जे टंकतील ते सगळं.

दुवे दुरुस्त करण्यात मात्र आम्ही घसरलो. कोरं शीर्षक आता निःसंदिग्धीकरणाचं पान झालं होतं, त्यामुळे कोशभर पसरलेले जुने दुवे त्या पानावर येऊन थांबत. ते एकेक उघडून नीट करायचे होते. तरुणाने एक आज्ञावली, म्हणजे संगणकाचा छोटा प्रोग्रॅम, लिहिली: ज्या नोंदीत '१८५७' हा आकडा आहे, तिथले दुवे बिठूरकडे वळव, बाकीचे बाळाजी बाजीरावांकडे. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. कुणाच्याच डोक्यात आलं नाही, की 'पुणे' या नोंदीत १७४९ ची पर्वतीही आहे आणि १८५७ चा उल्लेखही. आज्ञावली चालली, आणि पर्वतीचं मंदिर बिठूरच्या नानासाहेबांनी बांधलं. जन्माला यायच्या पाऊणशे वर्षं आधी.

विद्यार्थ्याचं पत्र ज्या चुकीवर होतं, तीच चूक आम्ही उलट्या दिशेने केली होती. तीही एकदम अनेक नोंदींत. 'पेशवे घराणे', 'मराठा साम्राज्य' अशा लांब नोंदींत तर दोन्ही नानासाहेब होते आणि दोघेही आता एकच झाले होते.

आठवडाभराने मॅडमना ते दिसलं. मग सगळं मागे घेऊन दोन रविवार बसून हाताने केलं. सर जुन्या वळणाचे, त्यांनी कागदावर यादी केली आणि एकेक दुव्यासमोर 'पा.' किंवा 'बि.' लिहिलं. पानिपत की बिठूर. त्या यादीचा फोटो मी जपून ठेवला आहे.

परिणाम

तात्या टोपे आता योग्य नानासाहेबांकडे जातात. नव्या लेखकाने सवयीने 'नानासाहेब पेशवे' असा दुवा दिला तरी वाचक चुकीच्या शतकात पडत नाही, चौकात उभा राहतो आणि पाटी वाचतो.

तक्रारी थांबल्या, असं नाही. कर्जतकडच्या एका वाचकाने लिहिलं, "ते आमच्या वेणगावचे. तुम्ही बिठूर का लिहिता?" आम्ही उत्तर दिलं, नोंदीच्या पहिल्याच वाक्यात वेणगाव आणलं. ते समाधानी झाले नाहीत, आणि त्यांच्या जागी मीही झालो नसतो.

लोक ओळखतात ते नाव, आणि गरज पडली तर कंसात ठिकाण, हाच नियम पुढे इतरांना लावायला गेलो तेव्हा त्याची मर्यादा कळली. 'रमाबाई' ला तो छान बसला. पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे, रमाबाई आंबेडकर आणि माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाई. चौघींना लोक आधीच वेगवेगळ्या नावांनी ओळखतात, कंसाची गरज फक्त शेवटच्या रमाबाईंना लागली. तरी पहिल्या दोघींचे दुवे हातानेच तपासले, कारण दोघी एकाच काळातल्या, पुण्यातल्या आर्य महिला समाजाशी दोघींचाही संबंध, आणि 'रमाबाईंनी सभेत भाषण केले' एवढंच लिहिणारे लेखक पुष्कळ.

चिमाजी अप्पांनी मात्र आमची फजिती केली. वसई जिंकणारे चिमाजी अप्पा थोरल्या बाजीरावांचे भाऊ. दुसरे चिमाजी अप्पा बाजीराव दुसऱ्यांचे भाऊ. '(बाजीरावांचे बंधू)' असा कंस आमच्या मसुद्यात खरोखर लिहिला गेला होता! मग कुणीतरी '(पेशवे)' सुचवलं. पण वसईचे चिमाजी कधीच पेशवे नव्हते. पेशवे झाले ते दुसरे, १७९६ मध्ये, सवाई माधवरावांच्या विधवा यशोदाबाईंना दत्तक देऊन, तेही थोडे महिने. म्हणजे '(पेशवे)' लिहिलं तर वाचक वसईच्या वीराला शोधत नेमका चुकीच्या माणसाकडे जाणार. इथे आम्ही सरांची पहिली सूचना वापरली, जी नानासाहेबांच्या वेळी फेटाळली होती. कोरं शीर्षक वसईच्या चिमाजी अप्पांकडे ठेवलं आणि वर एक ओळ टाकली. सर काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसला.

आज करायचं तर

दुवे आधी वाचू, शीर्षक मग ठरवू. कोणती नोंद कुठून शोधली जाते, हे त्या वाचनातच कळतं; आम्ही ते अर्धवट वाचून बैठकीत बसलो. आज्ञावली वापरायची तर ती दुवे बदलण्यासाठी नव्हे, संशयित दुव्यांची यादी काढण्यासाठी. आणि 'नानासाहेब पेशवे २' सारखं तात्पुरतं शीर्षक स्वीकारायचंच नाही. नाव नक्की होत नसेल तर नोंद मसुद्यात थांबेल, वाचकासमोर येणार नाही.

कंसासाठी ठिकाण निवडण्याबद्दल माझं मत आजही तेच आहे, पण ते नियम म्हणून लिहून ठेवणं घाईचं होतं. चिमाजींनी ते दाखवलं. एखादा नियम लिहिण्याआधी त्याला सर्वांत अडचणीच्या नावावर चालवून पाहायला हवं होतं, आणि ते नाव पेशव्यांच्याच घरात होतं.

एक शीर्षक अजून अडलेलं आहे. १८७४ मध्ये ग्वाल्हेरला शिंद्यांनी एका माणसाला 'हाच नानासाहेब' म्हणून पकडून इंग्रजांच्या हवाली केलं, आणि चौकशीत तो नानासाहेब नाही असं ठरलं. त्याच्यावर स्वतंत्र नोंद असावी, असं पत्रकाराचं म्हणणं आहे. सर म्हणतात, 'सदाशिवरावभाऊंचा तोतया' अशी नोंद आपल्याकडे आहे, तसंच 'नानासाहेबांचा तोतया' ठेवा. मॅडम म्हणतात, तोतया तो, जो स्वतः सोंग घेतो. या माणसाला दुसऱ्यांनी पकडून नानासाहेब ठरवलं असेल तर त्याला तोतया कसं म्हणायचं? नोंद मसुद्यात आहे, शीर्षकाच्या जागी सध्या नुसती रेघ आहे.